मुंग्यांच्या वासाने वाळवी पळेल का?

गेल्या अंकातील एका टिपणात आम्ही असे लिहिले होते की, मुंग्या या वाळवीच्या फार जुन्या शत्रू असून त्यांच्या अंगातील काही रसायने वाळवीला दूर ठेवू शकतात. त्या एका वाक्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रांचा रोख ‘मग हे औषध मिळते कुठे?’ असाच असल्यामुळे त्याच्याशी संबंधित प्रश्नांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मुंग्यांच्या अंगातील नेमकी कोणती रसायने वाळवीला त्रासदायक ठरतात? हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे, की केवळ तर्क आहे? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : ढोबळमानाने तीन गट लक्षात घ्यावेत. पहिला फॉर्मिक आम्लाचा. आपले काळे मुंगळे ज्या उपकुळात मोडतात त्या उपकुळातील मुंग्यांना नांगी नसते. पोटाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून त्या हे आम्ल फवारतात आणि काही जातींच्या विषग्रंथीतील द्रवात त्याचे प्रमाण 60 टक्क्यांपर्यंत आढळते. मुंगळा चावला की जी आग होते, ती जबड्याने केलेल्या बारीक जखमेवर पडलेल्या या आम्लाची असते. मुंग्यांपासून असे आम्ल निघते, ही नोंद इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन रे यांनी 1671 मध्येच करून ठेवली आहे. दुसरा गट इरिडॉइड नावाच्या संयुगांचा आहे. अर्जेंटिनी मुंगीतून इरिडोमिर्मेसिन हे संयुग विसाव्या शतकाच्या मध्यावर इटलीतील मारिओ पावान यांनी वेगळे केले, आणि ते जिवाणूंना तसेच कीटकांनाही मारक असल्याचे दाखवले. तिसरा गट अल्कलॉइडांचा असून तो प्रामुख्याने नांगी मारणाऱ्या लाल मुंग्यांच्या विषात सापडतो. आपल्याकडे बांधावर, अंगणात पाय पडताच घोट्यापर्यंत चढणारी सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही त्याच वंशातील. या वंशातील युरोपातली एक बारकी मुंगी दुसऱ्या जातीच्या मुंग्यांच्या वारुळात भुयार खणून शिरते, तिथे आपल्या विषातील अल्कलॉइड सोडते आणि घरच्या मुंग्या त्या वासाने मागे हटल्या की त्यांची पिल्ले बिनबोभाट पळवते. विषाचा उपयोग जीव घेण्याऐवजी वाट मोकळी करण्यासाठी होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच असेल.

उत्तर अमेरिकेतील एक पिवळी मुंगी चिरडली तर गवती चहासारखा वास येतो. तिच्या जबड्याच्या ग्रंथीत सिट्रोनेलाल आणि सिट्रल ही संयुगे असल्याचे 1962 मध्ये टॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. म्हणजे जे आपण गवताच्या तेलातून काढतो, तेच ही मुंगी अंगात तयार करते.

आता सिद्धतेचा प्रश्न. मुंगीतील इरिडॉइडांचे जवळचे नातेवाईक असलेले नेपेटालॅक्टोन हे संयुग मांजरांना वेड लावणाऱ्या कॅटनिप या पुदिनावर्गीय वनस्पतीत असते. 2003 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या तेलाने भिजवलेल्या वाळूच्या थरातून जमिनीखाली राहणारी वाळवी पार होऊ शकली नाही. परंतु त्याच संशोधकांना असेही दिसले की मातीत या संयुगाचे फार लवकर विघटन होते. मुंगी निघून गेल्यावरही तिने मागे ठेवलेला वास काम करतो, याचा चांगला पुरावा वाळवीपेक्षा इतर किडींच्या बाबतीत मिळतो. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशात असे आढळले की, पाने शिवून घरटी करणाऱ्या मुंग्या ज्या आंब्यांवरून फिरून गेल्या होत्या, त्या आंब्यांवर फळमाश्या अंडी घालायला नाखूश असतात. त्या वेळी फळावर मुंगी नसली तरी फरक दिसत होता. तेव्हा तत्त्व खरे आहे. काचेच्या बशीतल्या प्रयोगापासून आपल्या घराच्या भिंतीपर्यंतचे अंतर मात्र मोठे आहे, आणि पुढील पत्र नेमके त्याच अंतराविषयी आहे.

प्रश्न : आमचे घर जांभ्याच्या दगडाचे असून दाराच्या चौकटी, तुळया आणि देवघर जुन्या लाकडाचे आहे. दोन चौकटींवर वाळवीच्या मातीच्या रेषा चढल्या आहेत. शेजारच्या रबराच्या बागेत चीक गोठवण्यासाठी फॉर्मिक आम्लाचे कॅन असतात. मुंगीचेच आम्ल असेल तर ते पाण्यात मिसळून फवारावे काय? (एक वाचक, दोडामार्ग तालुका)

उत्तर : कृपया फवारू नये. आपले अनुमान तर्काला धरून आहे, आणि म्हणूनच नकाराची कारणे सविस्तर सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

पहिले कारण सुरक्षिततेचे. बाजारातील तीव्र फॉर्मिक आम्ल साधारण 85 टक्क्यांचे असते. त्वचेवर पडले तर ते भाजते, डोळ्यात गेले तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते आणि बंद खोलीत त्याची वाफ घशाला व फुप्फुसांना झोंबते. रबराच्या बागेत ते भरपूर पाणी मिसळून, उघड्यावर, भांड्यातील चिकात घातले जाते. देवघराच्या कोनाड्यात तोंड घालून फवारणे ही वेगळीच गोष्ट आहे. देवघरातील पितळी समया आणि तांब्याची भांडी यांच्यावरही ते डाग पाडेल.

दुसरे कारण रसायनशास्त्राचे आहे. फॉर्मिक आम्ल चुन्याशी किंवा सिमेंटशी भेटले की त्याचे कॅल्शियम फॉर्मेट हे लवण तयार होते, ज्यात ना आम्लाचा दाह उरतो ना वास. आपल्याकडील जांभ्याची माती स्वतः आम्लधर्मी असली तरी भिंतीचा गिलावा आणि दगडांमधले सांधे चुन्याचे किंवा सिमेंटचे असतात. ज्या फटींतून वाळवी वर चढते, नेमक्या त्याच फटींत हे आम्ल थोड्याच वेळात निष्प्रभ होईल. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या मातीत तर ते जमिनीतही टिकणार नाही. जे भिंतीला लागले नाही ते हवेत उडून जाईल, कारण हे आम्ल पाण्याइतकेच सहज बाष्प होणारे आहे.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. समजा, एखादा पदार्थ टिकाऊ आहे आणि वाळवीला त्याचा वास मुळीच सहन होत नाही. तरीही त्याने घर वाचेलच असे नाही. आपल्या चौकटीत जी वाळवी दिसते, ती जमिनीखालच्या मोठ्या वसाहतीतून अन्न शोधायला बाहेर पडलेल्या कामकऱ्यांची एक तुकडी असते. राणी, अंडी आणि पिल्ले जमिनीत असतात. चौकटीवर नकोसा वास आला की ही तुकडी ती नळी सोडून देते, आतून तिचे तोंड माती व लाळेने लिंपून घेते आणि दोन हातांवरून दुसरी वाट काढते. घरमालकाला वाटते वाळवी गेली. पुढच्या पावसाळ्यात ती छताच्या वाशात सापडते. कीटकनाशकांच्या व्यवसायातही हा अनुभव जुना आहे. पूर्वी वापरली जाणारी अनेक औषधे वाळवीला दूरूनच जाणवत असत आणि औषधाच्या पट्ट्यात कुठे खंड राहिला असेल तर ती तिथूनच आत शिरे. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल यांसारख्या अलीकडच्या औषधांचा उपयोग नेमका उलट गुणामुळे होतो. वाळवीला ती ओळखू येत नाहीत, ती त्या मातीतून बिनदिक्कत ये-जा करते आणि एकमेकींना चाटताना, भरवताना औषध इतरांपर्यंत पोहोचवते.

म्हणून आपण पुढील क्रमाने जावे. रेषा लगेच पुसून टाकू नयेत. त्या कोठून निघतात ते जोत्यापर्यंत मागोवा घेऊन पाहावे. दोन बोटांइतकी नळी फोडून दुसऱ्या दिवशी पाहिल्यास ती पुन्हा बांधली गेली आहे की नाही, यावरून वाट चालू आहे की सोडलेली, हे कळते. न्हाणीघराची गळती, भिंतीला टेकवून रचलेली लाकडे व नारळाची सोडणे, जोत्याला लागलेला पालापाचोळा हे सारे दूर करावे, कारण वाळवीला अन्नाइतकीच ओल हवी असते. त्यानंतर जाणकार माणसाकडून जमिनीला औषध द्यावे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 6313 या संहितेत उभ्या घरासाठीची पद्धत दिली आहे. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या रेषेवर सुमारे 300 मिलिमीटर अंतराने 12 मिलिमीटर व्यासाची भोके पाडून त्यांत औषधाचे पाणी जिरेल तितके, मात्र एका भोकात 1 लिटरपर्यंतच, सोडायचे आणि भोके बुजवायची. जांभा सच्छिद्र असल्याने विहीर जवळ असेल तर ही गोष्ट काम करणाऱ्याला आधी सांगावी. चौकट बदलायची वेळ आली तर जून सागवानाच्या गाभ्याला प्राधान्य द्यावे, कारण त्या गाभ्यात टेक्टोक्विनोन हे वाळवीला न मानवणारे द्रव्य मुळातच असते. त्याच सागाचा बाहेरचा फिकट भाग मात्र वाळवी आवडीने खाते, आणि स्वस्तात मिळालेल्या ‘सागवानी’ चौकटीत बहुधा तोच अधिक असतो.

प्रश्न : आमच्या शंभर वर्षे जुन्या सार्वजनिक वाचनालयात वाळवीपासून बचाव म्हणून कपाटांत डांबरगोळ्या ठेवण्याची प्रथा आहे. मुंग्यांपासून केलेला एखादा नैसर्गिक पदार्थ त्याऐवजी ठेवता येईल का? (एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा)

उत्तर : आपल्या प्रश्नात एक गंमत दडलेली आहे. 1998 मध्ये अमेरिकेतील लुइझियाना येथील संशोधकांना असे आढळले की, फॉर्मोसन नावाची जमिनीखाली राहणारी वाळवी आपल्या घरट्याच्या भिंतींत नॅफ्थलीन, म्हणजे आपल्या डांबरगोळीतलेच द्रव्य, बाळगून असते, आणि घरट्यात शिरू पाहणाऱ्या मुंग्यांना ते रोखते. हे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. म्हणजे वाळवीच डांबरगोळीचा वापर मुंग्यांविरुद्ध करते, आणि आपण तीच डांबरगोळी वाळवीविरुद्ध ठेवतो! ही जात महाराष्ट्रातील नव्हे, हे खरे; पण नॅफ्थलीनच्या वासावर भरवसा ठेवून निर्धास्त राहू नये, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. शिवाय बंद खोलीत दिवसभर बसणाऱ्या माणसांच्या आरोग्याला हे द्रव्य चांगले नाही.

मुंग्यांचे कोणतेही आम्ल कागदाजवळ आणू नये. जुन्या कागदाचा मुख्य शत्रू आम्लता हाच आहे आणि वाळवीने खाल्लेली पाने एक वेळ गणती करता येतील, पण आम्लाने ठिसूळ झालेला संग्रह सबंध हातचा जातो. वाचनालयात वाळवी पुस्तकांतून जन्मत नाही. ती फरशीच्या सांध्यातून किंवा भिंतीतून कपाटाच्या पाठीमागे चढते. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, लाकडी पाय काढून लोखंडी घोड्यांवर ठेवावीत आणि मागची बाजू महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन पाहावी. कसर आणि पुस्तककिडे हा प्रश्न निराळा आहे; त्यासाठी पुस्तके प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उणे 20 अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवण्याची पद्धत संग्रहालयांत रूढ आहे.

प्रश्न : मी ब्रिस्बेनजवळ राहतो. येथे अंगणात मांसमुंग्यांची मोठी वारुळे आहेत आणि तरीही लाकडी कुंपणात वाळवी आहे. वाळवीला मुंग्यांचा वास येत नाही का? (एक वाचक, ऑस्ट्रेलिया)

उत्तर : वास येतो, पण त्याहून आधी बहुधा पावलांची चाहूल लागते. आपल्याच खंडातील संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉप्टोटर्मिस ॲसिनासिफॉर्मिस ही वाळवी आणि आपण म्हणता त्या मांसमुंग्या यांच्या चालण्याने लाकडात उठणारी कंपने मोजली होती. जवळपास सारख्या आकाराच्या मुंगीच्या पावलांची कंपने वाळवीच्या पावलांपेक्षा कितीतरी पट मोठी निघाली, आणि मुंगी प्रत्यक्ष समोर नसतानाही केवळ त्या कंपनांवरून वाळवी सावध होते असे दिसले. लाकडाच्या पातळशा पापुद्र्याआड राहून, शत्रूच्या हालचालींचा कानोसा घेत ती खात राहते. आपल्या कुंपणात नेमके हेच चालले असावे.

रासायनिक उपाय फसण्याचे आणखी एक कारण यातून समजते. वाळवीच्या लेखी मुंगी म्हणजे वास, कंपन आणि स्पर्श या तिन्हींची मिळून ओळख आहे. त्यातला एकटा वास बाटलीत भरून आणला, तर पहिल्या धक्क्यानंतर ती त्याला किती काळ भीक घालील, हा प्रश्नच आहे.

प्रश्न : माझे शेत हलक्या मुरमाड जमिनीत असून उसाच्या बेण्याला आणि भुईमुगाला उधई लागते. बांधावर मुंग्यांची वारुळे भरपूर आहेत. मुंग्यांना शेतात आणून उधई कमी करता येईल का? (एक शेतकरी, जत तालुका)

उत्तर : या सर्व पत्रांत आम्हाला सर्वाधिक आशा याच प्रश्नात दिसते. घराच्या भिंतीत मुंगीला शिरकाव नसतो, शेतात असतो. वासाचे रसायन उडून जाते, पण जिवंत मुंगी ते रोज नव्याने तयार करते, आणि नुसते हुसकावत नाही तर उधई उचलून नेते.

आपल्याकडे पावसाळ्याच्या आगेमागे काळपट, लांबट मुंग्यांची एखादी शिस्तशीर रांग जमिनीवरून जाताना आपण पाहिली असेल. लेप्टोजेनिस प्रोसेशनॅलिस ही जात उधईवर धाडी घालण्यासाठी प्रसिद्ध आहे. पालापाचोळ्याखालची उधईची नळी फुटली की काय होते, हे गुडघे टेकून पाहण्याजोगे असते. फिकट कामकरी क्षणात आत गडप होतात. पिवळसर डोक्याचे सैनिक फुटलेल्या कडेवर जबडे पसरून उभे राहतात, आणि त्यांच्या मागून कामकरी तोंडातील ओली माती एकेका ठिपक्याने लावत भगदाड लहान करीत आणतात. मुंग्या आधी पोहोचल्या तर सैनिकाला पायाला धरून बाहेर ओढतात आणि त्या फटीतून आत घुसतात. माती आधी लागली तर मुंग्या वरून नुसत्या फिरत राहतात. सगळा निकाल काही मिनिटांत लागतो. म्हणूनच हलकी कोळपणी किंवा चाळणी, जिच्यामुळे वरच्या थरातील नळ्या पुन्हा पुन्हा फुटतात, ती मुंग्यांच्या पथ्यावर पडते.

मुंग्या ‘आणण्या’ची परंपराही फार जुनी आहे. दक्षिण चीनमध्ये संत्रावर्गीय बागांसाठी झाडावरच्या मुंग्यांची घरटी पिशव्यांत भरून बाजारात विकली जात, अशी नोंद इसवी सन 304 च्या सुमाराच्या एका चिनी ग्रंथात आहे. कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, त्याच या मुंग्या. परंतु त्या झाडावर राहतात; आपल्या मुरमाड रानात त्या टिकणार नाहीत, तेव्हा दूरून काही आणण्याच्या खटाटोपात पडू नये. जमिनीवरील मुंग्या ज्या आहेत त्या राखणे हाच मार्ग बरा. युगांडात मक्याच्या शेतात माशांचे कूट टाकून मुंग्यांना बोलावण्याचे आणि मक्यात शेंगवर्गीय आंतरपीक घेण्याचे प्रयोग झाले, त्यांत मुंग्यांचा वावर वाढला व उधईचे नुकसान घटले. आपल्याला बांधाची नांगरट टाळता येईल, वारुळांवर भुकटी मारणे थांबवता येईल आणि उसात एखादे कडधान्य घेऊन जमीन झाकलेली ठेवता येईल.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंग्या गोड चिकट्यासाठी मावा आणि पिठ्या ढेकूण यांची राखण करतात. तेव्हा पानांवर ती कीड दिसू लागली तर मुंग्या आपल्या मित्र राहत नाहीत. शिवाय मुंग्या उधईचा बंदोबस्त करतील या भरवशावर अर्धवट कुजलेले शेणखत शेतात टाकू नये. उधईला यासारखे निमंत्रण दुसरे नाही. खत पूर्ण कुजवावे, जुनी धसकटे वेचावीत, लागणीनंतर पहिल्या पाण्याला उशीर करू नये, आणि दर वर्षी हमखास नुकसान होणारा पट्टा असेल तर तेवढ्या पट्ट्यातील बेण्याला कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे औषधाची प्रक्रिया करावी. सबंध रानाला औषध ओतण्याची घाई करू नका, कारण त्यात उधईच्या आधी मुंग्या मरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कोरडवाहू गव्हाच्या प्रयोगात तर मुंग्या आणि वाळवी दोन्ही असलेल्या जमिनीत पीक 36 टक्क्यांनी अधिक आले होते, कारण त्यांच्या भुयारांतून पाणी खोल मुरत होते. हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे, जरी उसाच्या कांडीला भोक पडल्यावर तो पटणे कठीण असले तरी.

प्रश्न : घरात मुंग्या असल्या म्हणजे वाळवी येत नाही, असे आमच्या सासूबाई म्हणतात. मुंग्या मारू नयेत का? (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : सासूबाईंचे निरीक्षण अंगणापुरते बरोबर आहे. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याभोवती फिरणाऱ्या बारक्या मुंग्या वाळवीच्या बंद नळीत शिरू शकत नाहीत, त्यामुळे दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात. ओट्यावरच्या मुंग्या पुसून काढाव्यात. कुंपणाच्या कडेच्या राहू द्याव्यात.

प्रश्न : ऑनलाइन दुकानांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून वाळवीरोधक फवारे मिळतात. त्यांवर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बाटलीवर कीटकनाशक अधिनियम 1968 खालील नोंदणी क्रमांक आणि क्रियाशील घटकाचे नाव व प्रमाण आहे का, हे आधी पाहावे. यांपैकी काही नसेल तर ती बाटली सुगंधी द्रव्य म्हणून घ्यावी, औषध म्हणून नव्हे. नैसर्गिक घटकांपैकी ज्याच्याविषयी चांगले संशोधन झाले आहे, तो म्हणजे आपला वाळा. वाळ्याच्या मुळांच्या तेलातील नूटकॅटोन हे संयुग फॉर्मोसन वाळवीला दूर ठेवते, हे लुइझियानातच 2001 च्या सुमारास दाखवले गेले, आणि मुंगीच्या उडून जाणाऱ्या द्रव्यांच्या तुलनेत ते बरेच टिकाऊ आहे. कपड्यांच्या कपाटात, लाकडी पेटीत वाळ्याची जुडी ठेवण्याची जुनी पद्धत म्हणून अगदीच निराधार नाही. जोत्याखालून येणाऱ्या वाळवीला मात्र त्या जुडीचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न : आमच्या कुळागरात रोयणी, म्हणजे वाळवीची वारुळे, आहेत. पावसात त्यांवर अळमी उगवतात. घराला वाळवी लागू नये म्हणून रोयणी मोडून त्यांत औषध घालावे असा सल्ला मिळाला आहे. (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : अळमी हवी असतील तर औषध घालू नये. ही अळमी टर्मिटोमायसिस या बुरशीची असतात, आणि ती बुरशी वाळवी आपल्या वारुळाच्या पोटात, चावलेल्या लाकूडपाल्याच्या थरावर, जोपासत असते. वसाहत मेली की बाग मरते, आणि पुढच्या पावसात त्या जागी काही उगवत नाही. औषध घातलेल्या वारुळातून एखादे वर्ष उगवलेच, तर ते खाऊही नये. घरापासून दूर असलेल्या रोयणी तशाच ठेवाव्यात. घराला अगदी लागून एखादी असेल आणि तिच्याकडून जोत्याकडे वाटा जाताना दिसत असतील, तर तेवढ्या एकीचा विचार वेगळा करावा.

प्रश्न : आठवीच्या मुलांना मुंगीच्या रसायनाचा वाळवीवरील परिणाम वर्गात दाखवता येईल असा बिनधोक प्रयोग सुचवावा. (एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : होय, आणि त्याला खर्च जवळपास शून्य आहे. वाळवी आपल्या सोबतिणींनी जमिनीवर सोडलेल्या वासाच्या मागावरून चालते. काही बॉलपेनांच्या शाईत 2-फिनॉक्सिइथेनॉल हा द्रावक असतो, जो वाळवीच्या काही जातींना मागाच्या वासासारखाच भासतो. पांढऱ्या कागदावर बॉलपेनने वाटीएवढे वर्तुळ काढून त्यावर पाच-सहा कामकरी वाळव्या अलगद सोडल्या, तर पुष्कळदा त्या मिशा खाली टेकवत रेघेवरूनच फिरू लागतात. सर्व शाया आणि सर्व जाती सारख्या नसल्याने दोन-तीन निरनिराळ्या कंपन्यांची पेने हाताशी ठेवावीत.

एकदा त्या रेघेवर लागल्या की खरा प्रयोग सुरू करावा. नवे, तेवढेच वर्तुळ काढून त्यावर चार ठिकाणी खुणा कराव्यात. एका खुणेवर पाण्याचा बारीक ठिपका द्यावा, दुसऱ्यावर व्हिनेगरचा, तिसऱ्यावर ज्या कापसाच्या काडीवर चिडलेल्या मुंगळ्याने फवारा मारला आहे ती काडी टेकवावी, आणि चौथी खूण कोरी ठेवावी. मुंगळ्याला मारण्याची गरज नाही. काडीने डिवचले की तो पोट पुढे वळवून काम करून देतो. शिक्षकांनी हातमोजे घालावेत आणि मुलांनी चेहरा जवळ नेऊ नये. वाळवी कोणत्या खुणेपाशी थांबते, वळते किंवा वळसा घालते, हे मुलांनी दर मिनिटाला नोंदवावे. व्हिनेगरची खूण यासाठी आवश्यक आहे की, वाळवी आम्लामुळे अडली की मुंगीच्या वासामुळे, हे त्याशिवाय सांगता येणार नाही. दहा आणि वीस मिनिटांनी तोच प्रयोग, नवे ठिपके न देता, पुन्हा करून पाहावा. मुंगळ्याचा ठिपका सुकल्यावर त्याचा परिणाम किती उरतो, याची मुलांनी स्वतः काढलेली नोंद आमच्याकडे पाठवल्यास ती पुढील अंकात छापू. वाळव्या उन्हात आणि कोरड्या हवेत लवकर मरतात, म्हणून त्या ओल्या टिपकागदावर झाकून ठेवाव्यात आणि तास संपताच जिथून आणल्या तिथेच सोडाव्यात.